आमच्या मुलांची माहिती कोणाकोणाकडे आहे, याचा हिशेब मिळावा

दिनांक : १९ जानेवारी २०२६

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, गोंदिया

विषय : जिल्ह्यातील शाळांमधून गोळा होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या माहितीची सुरक्षितता व गोपनीयता याबाबत मागण्या.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पालक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि काही सेवानिवृत्त शिक्षक आहोत. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या आठही तालुक्यांतले लोक यात आहेत. आमची मुले जिल्हा परिषदेच्या, अनुदानित आणि आश्रमशाळांत शिकतात. हे निवेदन शिक्षकांच्या विरोधात नाही आणि ऑनलाइन कामकाजाच्याही विरोधात नाही. शाळा सोडल्याच्या एका दाखल्यासाठी गोंदिया-भंडारा हेलपाटे घातलेली माणसे आमच्यात आहेत, जिल्हा वेगळा होण्याआधीचे, म्हणजे १९९९ पूर्वीचे दिवस त्यांना चांगले आठवतात. नोंदी संगणकावर गेल्या हे बरेच झाले. प्रश्न त्या नोंदी पुढे कुठे जातात, हा आहे.

पूर्वी दाखल-खारीज रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात असायचे आणि किल्ली त्यांच्याजवळ. २०१५ साली राज्यात ‘सरल’ प्रणाली आली, मग केंद्राची यू-डायस प्लस, त्यावरचा कायम शिक्षण क्रमांक, आणि आता ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक. शिष्यवृत्तीचे अर्ज वेगळे, पोषण आहाराची नोंद वेगळी, चाचण्यांचे गुण वेगळे. १ डिसेंबर २०२३ पासून राज्यात हजेरीसाठी स्विफ्टचॅट या अ‍ॅपवरचा बॉट आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या पत्रासोबत मुलांचे आणि पालकांचे सेल्फी एका संकेतस्थळावर चढवून घेतले गेले. ते फोटो आज कुठे आहेत आणि किती दिवस राहणार आहेत, हे कोणत्याही पालकाला सांगितले गेलेले नाही.

यू-डायस प्लसमधल्या एका मुलाच्या नोंदीत काय काय भरले जाते ते पाहावे. या नोंदीच्या सर्वसाधारण, नोंदणीच्या आणि सुविधांच्या भागांना शिक्षक जीपी, ईपी आणि एफपी म्हणतात. मुलाचे आधारप्रमाणे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, मोबाईल, पत्ता, प्रवर्ग, अल्पसंख्याक असल्यास तो धर्म, दारिद्र्यरेषेखालील आहे का, अपंगत्व असल्यास त्याचा प्रकार, मूल शाळाबाह्य होते का, रक्तगट, उंची, वजन. यातली बरीचशी माहिती योजनांसाठी लागते हे आम्ही मान्य करतो. पण ही सगळी माहिती एका ओळीत मांडली की ते त्या घराचे पूर्ण चित्र होते. दहा वर्षांच्या मुलीचे असे चित्र कोणाच्या हाती पडावे आणि कोणाच्या हाती पडू नये, हे ठरवणारा कोणीतरी हवा. आज तो कोण आहे, हे शाळेत विचारले तर तालुक्याकडे बोट, तालुक्याला विचारले तर जिल्ह्याकडे, आणि तिथून पुण्याच्या शिक्षण आयुक्तालयाकडे.

दिल्ली-पुण्याच्या सर्व्हरची जबाबदारी आपली नाही, हे आम्हाला समजते. त्या सर्व्हरवर जाण्याआधी माहिती ज्या वाटेने जाते ती वाट मात्र आपल्या अधिकारातली आहे, आणि आमचे गाऱ्हाणे मुख्यतः तिच्याबद्दल आहे. अनेक ठिकाणी जे चालते ते असे : सायंकाळी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या, व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश येतो, ‘आज रात्री ८ पर्यंत माहिती भरावी, अत्यंत तातडीचे’. सोबत गूगल शीटची लिंक. ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला अख्ख्या केंद्रातल्या सगळ्या शाळांची पाने उघडतात, आपल्या शाळेचे भरताना शेजारच्या गावातल्या मुलांचे आधार क्रमांक आणि बँक खाती दिसतात. ज्यांना जमत नाही ते आधारकार्डांचे फोटो काढून गटावरच टाकतात. काम संपते, शीट तशीच उघडी राहते. शिक्षकांची बदली होते आणि त्यांच्या फोनच्या गॅलरीत जुन्या शाळेतल्या मुलांची कार्डे त्यांच्याबरोबर नव्या गावी जातात. यात कोणाचीही वाईट बुद्धी नसते. रात्री ८ ची मुदत असते, आणि दरेकसा-सालेकसाच्या डोंगरपट्ट्यात त्या वेळी नेटवर्क असेलच असे नाही, म्हणून मग तालुक्याच्या ठिकाणच्या इंटरनेट दुकानात शाळेचे लॉगिन आणि पासवर्ड कागदावर लिहून दिले जातात. त्याचे पैसे गुरुजी स्वतःच्या खिशातून देतात, कारण शाळेच्या किरकोळ खर्चाच्या सादिल अनुदानात ते बसत नाही.

पासवर्डविषयी थोडे अधिक. बहुतेक पोर्टलवर शाळेचे वापरकर्ता नाव म्हणजे तिचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक. आपल्या जिल्ह्यात तो २७११ ने सुरू होतो आणि शाळेच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलेला असतो. म्हणजे कुलपाचा अर्धा भाग रस्त्यावरून वाचता येतो. उरलेला अर्धा भाग, म्हणजे पासवर्ड, कित्येक ठिकाणी शाळेच्या नावापुढे ‘१२३’ लावून बनलेला असतो.

आमच्यापैकी एका आईला गेल्या वर्षी फोन आला. बोलणाऱ्याने मुलीचे पूर्ण नाव, इयत्ता, शाळा आणि प्रवर्ग बरोबर सांगितला, ‘शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, खात्यात टाकायची आहे, ओटीपी आला तो सांगा’ म्हणाला. फोन घरात एकच, तो त्या दिवशी सुदैवाने मोठ्या मुलाच्या हातात होता आणि त्याने तो कापला. आदिवासी विकास विभागाची सुवर्णमहोत्सवी शिष्यवृत्ती, सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती असे पैसे खात्यात येतात हे गावात सगळ्यांना ठाऊक असल्याने असला फोन खराच वाटतो. ही माहिती शाळेतून गेली, दुकानातून गेली की आणखी कुठून, हे सांगण्यासाठी कोणाकडे कसलीही नोंद नाही. त्यामुळे कोणावर आरोपही करता येत नाही आणि कोणाला निर्दोषही म्हणता येत नाही.

हा प्रकार केवळ खेड्यापाड्यातल्या अडाणीपणाचा आहे, असे कोणी म्हणू नये. ‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचे शैक्षणिक अ‍ॅप करोनाच्या काळात कोट्यवधी घरांत वापरले गेले. त्याची माहिती ठेवलेला एक क्लाउड सर्व्हर वर्षाहून अधिक काळ संरक्षणाविना उघडा राहिला होता, हे जानेवारी २०२३ मध्ये ‘वायर्ड’ या अमेरिकी मासिकाने उघड केले. दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे, फोन क्रमांक व ई-मेल आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती त्यावर होती. त्याआधी मे २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने ४९ देशांतल्या शैक्षणिक अ‍ॅपची तपासणी प्रसिद्ध केली, तीतही ‘दीक्षा’चे नाव होते. हे अ‍ॅप डाउनलोड करा म्हणून शाळा आमच्या मागे लागली होती. सर्व्हर उघडा होता हे मात्र शाळेकडून आम्हाला कधीच कळवले गेले नाही.

अमेरिकेत शाळांच्या नोंदी ठेवणारी पॉवरस्कूल ही मोठी खासगी कंपनी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिच्या मदत-कक्षाच्या एका खात्याचा पासवर्ड चोरून कोट्यवधी विद्यार्थ्यांची माहिती पळवली गेली. कंपनीने खंडणी भरली, माहिती पुसल्याचे आश्वासन घेतले, आणि मे २०२५ मध्ये त्याच माहितीवरून शाळांना पुन्हा खंडणीच्या धमक्या आल्या. याप्रकरणी गुन्हा कबूल करणारा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. तिथे निदान चोरी झाल्याचे पालकांना पत्राने कळवले गेले.

आणि लांब कशाला जायचे! आपला जिल्हा ज्या नागपूर विभागात येतो त्याच विभागात २०२५ साली शिक्षकांच्या वेतनाच्या ‘शालार्थ’ प्रणालीतले प्रकरण उघड झाले. बनावट शालार्थ आयडी तयार करून अपात्र लोकांच्या नावे वेतन काढल्याच्या आरोपांवरून अधिकाऱ्यांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमावे लागले. कोणत्या लॉगिनवरून कोणी काम केले, हा तिथला कळीचा प्रश्न ठरला. तिथे शासनाचे पैसे गेले म्हणून तपास तरी झाला. मुलांची माहिती गेली तर तिजोरीतून एक रुपयाही कमी होत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

कायद्याचे पाठबळ आम्हाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधार बंधनकारक करता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. आधार अधिनियमाच्या कलम २९ नुसार कोणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रदर्शित करता येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ९ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि त्याचा भंग झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. शासकीय लाभ देण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची सवलत याच कायद्यात आहे, आणि शाळांनाही काही सूट आहे, हे आम्ही वाचले आहे. पण ती सवलत गरजेपुरतीच माहिती घ्या, ठरलेल्या कामासाठीच वापरा आणि सांभाळून ठेवा, या अटींवर आहे. गूगल शीट उघडी टाकण्याची सवलत कुठेही नाही.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे २०२७ चा उन्हाळा. माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) बदलून वैयक्तिक माहिती नाकारण्याची मोकळीक देणारी दुरुस्ती मात्र त्याच महिन्यात लागू झाली. पालकांच्या संरक्षणाला दीड वर्ष थांबावे लागते आणि कार्यालयाची ढाल तत्काळ हजर होते, याची गंमत वाटण्यासारखी परिस्थिती नाही. म्हणून पुढील मागण्या कायदा लागू होण्याची वाट न पाहता, आपल्या प्रशासकीय अधिकारात मान्य कराव्यात.

१. साठ दिवसांच्या आत जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या माहितीची एक नोंदवही तयार व्हावी. शाळांकडून माहिती मागणारे प्रत्येक पोर्टल, अ‍ॅप, गूगल फॉर्म आणि शीट तीत यावी. माहिती कोणत्या आदेशाने मागितली, त्यात कोणकोणते रकाने आहेत, माहिती शासनाच्या सर्व्हरवर राहते की खासगी कंपनीच्या क्लाउडवर, लॉगिन कोणत्या पदाकडे आहे, आणि ती माहिती केव्हा पुसली जाणार, हे प्रत्येकापुढे लिहावे. ज्या मागणीचा लेखी आदेश सापडणार नाही ती मागणी त्याच दिवशी बंद करावी. ही नोंदवही जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येक शाळेच्या सूचना फलकावर मराठीत लागावी, जिथे हिंदी माध्यम आहे तिथे हिंदीतही. आमची मुख्य मागणी हीच आहे, कारण काय कुठे आहे हेच ठाऊक नसेल तर खालची एकही मागणी पाळली गेली की नाही ते तपासता येणार नाही.

२. आधार, बँक खाते, जात, अपंगत्व आणि आरोग्याची माहिती व्हॉट्सअ‍ॅप गटावर किंवा उघड्या लिंकवर मागणे बंद करावे. आजवरच्या शीट कुलूपबंद करून, काम संपलेल्या पुसून टाकल्याचे प्रमाणपत्र प्रत्येक गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून घ्यावे. आधारची प्रत घेणे अटळच असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत घ्यावी. आणि ‘आज रात्री ८ पर्यंत’ ही पद्धत थांबवावी. पाच कामाचे दिवस द्यावेत. बरीच गळती घाईमुळे होते.

३. प्रत्येक शाळेचे लॉगिन मुख्याध्यापकांच्या नावे, ओटीपीसह असावे. बदलीच्या आदेशासोबतच पासवर्ड बदलावा आणि जुन्या फोनमधील कार्डांचे फोटो काढून टाकल्याचे कार्यमुक्तीच्या कागदावर लिहून घ्यावे. ज्या शाळांत नेटवर्क नाही त्यांच्यासाठी गटसाधन केंद्रात ठरावीक वारी एक संगणक राखून ठेवावा, जाण्यायेण्याचा खर्च द्यावा. खासगी दुकानात शाळेचे लॉगिन देण्याची वेळ कोणत्याही शिक्षकावर येऊ नये.

४. ‘अपार’साठी पालकांची संमती ऐच्छिक आहे, असे लेखी परिपत्रक काढावे. संमतीपत्रात मुलाचे नाव, पत्ता, वय, जन्मतारीख, लिंग आणि छायाचित्र शैक्षणिक संस्थांना आणि भरती करणाऱ्या संस्थांनाही उपलब्ध होऊ शकते असे म्हटले आहे. तिसरीतल्या मुलाच्या बापाला यातले हे वाक्य कोणी वाचून दाखवले का? बहुतेक ठिकाणी ‘इथे सही करा’ एवढेच सांगितले जाते, आणि अंगठा असेल तर तेवढेही नाही. संमतीपत्र शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावे. गोंडी किंवा पोवारी बोलणाऱ्या वस्तीत त्या बोलीत समजावणारी व्यक्ती सोबत असावी. नकार देणाऱ्याचा नकार नोंदवावा, मुलाचा प्रवेश, निकाल, पोषण आहार किंवा शिष्यवृत्ती त्यासाठी अडवू नये. ‘अपार’च्या टक्केवारीवरून शिक्षकांना नोटिसा देऊ नयेत. गुरुजींच्या डोक्यावर शंभर टक्क्यांची टांगती तलवार असेल तर पालकांच्या संमतीला काय अर्थ उरतो? पदे ठरवणारी संच मान्यता आधार-वैध पटाशी जोडल्यापासून शिक्षकांचे पदच या कामावर अवलंबून आहे, हे आपण जाणताच. नावातला ‘श’ आणि ‘ष’ जुळला नाही म्हणून एक मूल पटावरून गळते, आणि वीस पटाच्या शाळेत त्या एका मुलाने फरक पडतो.

५. आश्रमशाळांतील मुलांचे पालक गावी असतात. त्यांच्या वतीने मुख्याध्यापक किंवा अधीक्षकांनी परस्पर सह्या करू नयेत. सुटीला पालक मुलांना न्यायला येतात तेव्हा संमती घ्यावी. यासाठी देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी आपण समन्वय करावा.

६. कोणतेही खासगी अ‍ॅप, मोफत असले तरी, लेखी करारनाम्याशिवाय शाळेत येऊ नये. मुलांची माहिती जाहिरातीसाठी वापरणार नाही, दुसऱ्याला देणार नाही आणि करार संपल्यावर पुसून टाकू, असे त्यात असावे. हा करारनामा पालकांना मागताक्षणी मिळावा. कंपनीशी केलेला करार ही कोणाची वैयक्तिक माहिती नव्हे, त्यामुळे माहिती अधिकार कायद्यातील वरील दुरुस्तीचा आधार घेऊन तो नाकारला जाऊ नये.

७. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर शासनाने शाळांत सीसीटीव्ही अनिवार्य केले, ते योग्यच झाले. पण स्वस्तातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण कित्येकदा विक्रेत्याच्या क्लाउडवर जाते आणि मोबाईलवर कोणालाही दिसते. चित्रण शाळेतच साठवावे, कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बसवतानाच बदलावा, पाहण्याचा अधिकार कोणाला आहे ते लिहून ठेवावे. मुलींच्या नृत्याचे आणि खेळाचे व्हिडिओ उपक्रमाचा पुरावा म्हणून फेसबुक, यूट्यूबवर टाकून लिंक मागवण्याची प्रथाही बंद व्हावी.

८. माहिती फुटल्याचे लक्षात आले तर कोणाला कळवायचे, हे आज एकाही शाळेला सांगता येणार नाही. जिल्हा स्तरावर एका अधिकाऱ्याचे पद आणि फोन क्रमांक जाहीर करावा. देशाच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, म्हणजे सर्ट-इनला, अशी घटना सहा तासांत कळवण्याचे निर्देश २८ एप्रिल २०२२ रोजी निघाले आहेत. त्यासोबत संबंधित पालकांनाही साध्या मराठीत, फोनवर किंवा घरी जाऊन कळवावे आणि फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक द्यावा. प्रकार स्वतःहून कळवणाऱ्या शिक्षकावर कारवाई होणार नाही, हे परिपत्रकातच लिहावे. नाहीतर सगळे गप्प बसतील.

९. या सर्वांचा आढावा जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीच्या बैठकीत दर तीन महिन्यांनी व्हावा.

खर्चाचा विचार केला तर यातल्या बहुतेक मागण्यांना पैसे लागत नाहीत, एक परिपत्रक आणि त्याचा पाठपुरावा लागतो. मागणी क्रमांक ३ साठी लागणारी तरतूद जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून करता येईल.

आमच्या पाच प्रतिनिधींना पंधरा दिवसांच्या आत भेटीची वेळ द्यावी आणि प्रत्येक मागणीवर मान्य, अमान्य किंवा वरिष्ठांकडे पाठवली, असे लेखी उत्तर तीस दिवसांत मिळावे, ही विनंती. उत्तर न आल्यास प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मागणी क्रमांक १ ची नोंदवही आम्ही स्वतः भरायला घेऊ, आणि भरलेली पाने आपल्याकडे जमा करू.

आपले विश्वासू,
सह्या करणारे पालक व शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे. यादीत मुलांची नावे, मोबाईल व आधार क्रमांक मुद्दाम घेतलेले नाहीत.)

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, गोंदिया
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) व शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, गोंदिया
मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, देवरी
मा. गटशिक्षणाधिकारी, सर्व पंचायत समित्या